दोघांनी हात धरल्याशिवाय न पेटणारा कंदील करायचाय, सल्ला हवाय

पडवी | कोजागिरीचा दुसरा दिवस, रात्री ११:४०

काल आमच्या सोसायटीची कोजागिरी झाली. ठाण्यात कोलशेतला राहतो आम्ही, दोन विंग, २२ मजले, १७६ फ्लॅट. गच्चीवर दूध छान आटवलेलं, चारोळी-केशर सगळं घालून, चाळीसेक माणसं आली असतील. प्रत्येकाने आपापला ग्लास घेतला, आपल्याच घरच्यांबरोबर उभं राहून चंद्राचा फोटो काढला आणि पाऊण तासात गच्ची रिकामी. पातेल्यात अर्धं दूध तसंच राहिलं. मी आणि वॉचमनदादा दोघांनी ते खाली आणलं आणि लिफ्टमध्ये माझ्या लक्षात आलं की चार वर्षं रोज मी या माणसाला हात दाखवून शाळेला जाते आणि मला त्याचं नाव माहीत नाही. रात्रभर तेच डोक्यात. कोजागिरी म्हणजे कोण जागं आहे असं विचारायची रात्र ना, मग आम्ही विचारलं कोणाला?

तर डोक्यात आलंय ते असं. बाबांच्या नौपाड्यातल्या घराच्या दाराच्या दोन पितळी कड्या माझ्याकडे आहेत, घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा त्यांनी स्वतः स्क्रू काढून रुमालात बांधून आणलेल्या. दिवाळीला लॉबीत एक मोठा षटकोनी कंदील लावायचा, कामट्यांचा, घोटीव कागदाचा, मुलांकडून करून घेईन. कड्या भिंतीवर दोन बाजूंना, मध्ये आठ फूट अंतर, म्हणजे एकट्याचे दोन्ही हात पोचणारच नाहीत. एकाने ही कडी धरायची, दुसऱ्याने ती, आणि मोकळे हात एकमेकांत. सर्किट माणसांतून पूर्ण झालं की कंदील पेटेल, हात सोडला की विझेल.

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते त्यामुळे सर्किट कळतं, पण प्रोग्रॅमिंग येत नाही. सुरक्षित होईल का हे? आणि मुख्य म्हणजे लोक हात धरतील का?

रंगरेषा | रात्री १२:१५

फार आवडली कल्पना. तुम्ही जे म्हणताय त्याची मोठी भावंडं जगात आहेत, सांगते. स्कॉट स्निब नावाच्या कलाकाराचं १९९८ चं काम आहे, बाउंडरी फंक्शन्स. जमिनीवर वरून प्रोजेक्टरचा प्रकाश पडतो. एकटे जाऊन उभे राहिलात तर काही म्हणजे काहीच होत नाही, नुसती जमीन. दुसरा माणूस आला की दोघांच्या बरोब्बर मध्ये प्रकाशाची एक रेघ उमटते, तिसरा आला की अजून रेघा, आणि कोण हललं की रेघा सरकतात. तुमच्या अंगाभोवतीची जागा केवढी हे दुसऱ्यामुळे ठरतं, एकट्याला ती दिसतच नाही.

दुसरं राफाएल लोझानो-हेमेर यांचं पल्स रूम, २००६ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाला पहिल्यांदा मांडलं. छताला शंभर ते तीनशे साधे पिवळे बल्ब. एका टोकाला दोन हातांनी धरायचा सेन्सर, तुमच्या हृदयाच्या ठोक्यावर समोरचा बल्ब लुकलुकायला लागतो. हात काढलात की क्षणभर सगळा अंधार होतो, मग तुमचा ठोका रांगेतल्या पहिल्या बल्बमध्ये जातो आणि आधीच्या सगळ्यांचे ठोके एकेक घर पुढे सरकतात. म्हणजे खोली कायम आधी येऊन गेलेल्या माणसांच्या ठोक्यांनी लुकलुकत असते आणि सगळ्यात जुना ठोका रांगेतून बाहेर पडतो. त्यांना हे सुचलं ते बायकोला जुळं होणार होतं तेव्हा. सोनोग्राफीची दोन मशिनं मागवून त्यांनी दोन्ही बाळांचे ठोके एकाच वेळी ऐकले होते.

मला तुमचं जास्त जवळचं वाटतं, कारण पल्स रूममध्ये माणूस निघून जातो आणि ठोका उरतो, तुमच्याकडे माणूस तिथे असावाच लागतो.

सोल्डरगन | सकाळी ७:०५

रबाळे एमआयडीसीत पॅनल बनवतो, रोजचं काम आहे त्यामुळे आधी सुरक्षेचं बोलतो, बाकी कौतुक नंतर.

ताई, माणूस हात लावणार ते सर्किट भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या सप्लायला जोडायचंच नाही. स्वस्तातल्या एसएमपीएसमधून (चार्जरसारखा पॉवर सप्लाय) लीकेज येतं, ओल्या हाताला झिणझिण्या येतात आणि कधी आतलं इन्सुलेशन गेलं तर झिणझिण्यांवर भागत नाही. दोन वेगळे बोर्ड करा. पहिला छोटा, बॅटरीवरचा, तो फक्त कड्या वाचेल. एक कडी ग्राउंडला, दुसरी पिनला, पिनवर १ मेगाओहमचा पुल-अप (पिन सप्लायच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर), म्हणजे ३.३ व्होल्टला अंगातून तीन-साडेतीन मायक्रोअँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, मुंगीला पण कळणार नाही. दुसरा बोर्ड एलईडी पट्ट्या चालवेल, त्याला मोठा सप्लाय आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की लगेच वीज तोडणारा स्विच.

आणि दोघांच्या मध्ये ऑप्टोकपलर. चार पायांचा काळा किड्यासारखा पार्ट असतो, पीसी८१७ म्हणून मागा, लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. त्याच्या पोटात एका बाजूला बारीकसा एलईडी आणि समोर तो उजेड पाहणारा ट्रान्झिस्टर. दोन बाजूंना जोडणारी तार नाही, काही नाही, मधून फक्त उजेड पलीकडे जातो. आमच्या भाषेत याला आयसोलेशन म्हणतात. आमच्याकडे तो चांगला शब्द आहे, त्यानेच माणूस वाचतो. तुमचा धागा वाचून वीस वर्षांत पहिल्यांदा त्या पार्टकडे नीट बघितलं.

बे_एके_बे | सकाळी ९:३०

माझं मत वेगळं आहे. मी वाशीला एकटा राहतो, आवडीने राहतो. एकटं असणं आणि एकाकी असणं यात फरक आहे आणि असल्या उपक्रमांत तो पुसला जातो. रोज कामावरून दमून आल्यावर लॉबीत कोणी "या या हात धरा" म्हणून थांबवलं तर मी जिन्याने जाईन. हात धरणं ही जवळची गोष्ट आहे, ती लिफ्टच्या वाटेवर मागू नये. करायचंच असेल तर वाटेच्या बाजूला लावा, ज्याला नको तो मान खाली न घालता जाऊ शकला पाहिजे. आणि कॅमेरा लावू नका, कोण आलं कोण नाही याची नोंद नको.

पडवी | सकाळी १०:५०

@बे_एके_बे, पटलं. मी लिफ्टसमोरच लावणार होते. आता दोन विंगच्या मध्ये जो पॅसेज आहे, सायकली असतात तिथे, तिकडे लावते. नोंद अजिबात नाही, पेटला आणि विझला, बास.

@सोल्डरगन दादा, ऑप्टोकपलरचा पॅरा नववीच्या वर्गात वाचून दाखवला तर चालेल?

सोल्डरगन | सकाळी ११:०२

विचारता काय, दाखवा.

जास्वंद | दुपारी ३:२०

नेरूळहून लिहितेय. एरवी फक्त वाचते.

माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. शेवटचे अकरा दिवस मी त्यांना फक्त फोनच्या स्क्रीनवर बघितलं, एक नर्स रोज संध्याकाळी फोन धरायची, तिच्या हातात दोन-दोन ग्लोव्हज असायचे. हात धरायचा राहिला तो राहिलाच. त्यानंतर आमच्या सोसायटीत काही कार्यक्रम असला की समईच्या वाती लावायला पाच सुवासिनींना बोलावतात, मी दुसऱ्या रांगेत बसलेली असते, कोणी वाईट वागत नाही, फक्त बोलवत नाहीत. आधी दर वर्षी मलाच बोलवायचे कारण माझ्या वाती कधी काजळी धरत नसत, तुपात नीट भिजवलेल्या असायच्या.

तुमच्या कंदिलाला दोन माणसं लागतात. ती कोण, कोणाची कोण, असं तो विचारत नाही ना? एवढंच विचारायचं होतं.

पडवी | दुपारी ३:४५

नाही विचारत काकू. त्याला फक्त दोन हात कळतात.

दिवाळीत या. पत्ता मेसेज करते, खरंच या.

रंगरेषा | संध्याकाळी ६:१०

जास्वंद काकू, तुमचं वाचून लोझानो-हेमेर यांचंच अजून एक आठवलं. २०१९ मध्ये अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं स्यूदाद ह्वारेस, मध्ये सरहद्द, तिथे दोन्ही बाजूंना मोठे सर्चलाइट लावले. माणसं आपला झोत आकाशात फिरवायची, आणि पलीकडच्या कोणाच्या झोताला तो छेदला की दोघांमध्ये माइक-स्पीकर सुरू व्हायचा, बोलता यायचं. आवाज तेव्हाच जायचा जेव्हा दोघांनी उजेड जुळवला. घरचीच माणसं दोन बाजूंना अडकलेली, अशा ठिकाणी.

पन्नास_हर्ट्झ | रात्री ९:००

मी वीज क्षेत्रातून रिटायर झालो, ऐरोलीला राहतो, राज्याचं भार प्रेषण केंद्र इथेच आहे, जुने मित्र अजून भेटतात. कंदिलाच्या निमित्ताने एक आठवण लिहितो.

५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या, आठवतंय ना सगळ्यांना. त्यामागच्या राजकारणात जात नाही. ग्रिडचं गणित असं असतं की निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळावी लागते, नाहीतर फ्रिक्वेन्सी ५० वरून हलते. अंदाज होता देशभरात १२-१३ हजार मेगावॅट मागणी उतरेल. उतरली ३१ हजारांच्या वर. जलविद्युत केंद्रं खाली आणून लगेच परत वर घेऊन सांभाळलं सगळ्यांनी, मला आजही अभिमान वाटतो. काय झालं असेल विचार करा, कोणी कोणाला दिसत नव्हतं आणि घराघरातल्या बटणाचा हिशोब एका आकड्यात दिसत होता.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्यासाठी. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं त्या दिवशी ग्रिलमध्ये पणती ठेवून उभं होतं. मी तिथे १४ वर्षं राहतोय, ट्यूबलाइटच्या उजेडात ते मला कधी दिसलेच नव्हते. सगळ्या बिल्डिंगचा अंधार झाला तेव्हा ते दिसले. ताई, पॅसेजमधला मोठा ट्यूब बंद ठेवा, नाहीतर कंदील पेटून काही उपयोग नाही.

सोल्डरगन | रात्री ९:४०

काकांचं अगदी बरोबर. आणि तुमच्या नावावरून आठवलं, अंग म्हणजे अँटेना असतं, भिंतीतल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ उचलतं, त्यामुळे रीडिंग नाचणार. ताई, प्रोग्रॅम मी लिहून देतो, २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी काढली की तो नाच जातो.

आणि एक करा, कंदील पेटला-विझला झटक्यात नको, सावकाश उगवू दे, सावकाश मावळू दे. लुकलुकणारे इफेक्ट तर अजिबात नकोत, सेकंदाला तीनच्या वर झगमगाट झाला तर फिट्स येणाऱ्यांना त्रास होऊ शकतो.

पडवी | वसुबारसेच्या आधीचा रविवार, रात्री

पहिली टेस्ट. सांगते.

मुलांनी कंदील झकास केलाय, केशरी कागद, पांढऱ्या झिरमिळ्या. पण पट्टीचं शेवटचं टोक लालसर दिसतं, पांढरं येतच नाही. आणि माझा आणि माझ्या मुलाचा हात लगेच चालतो, तो खेळून आलेला, तळवे घामेजलेले. सातव्या मजल्यावरच्या आजी आल्या, त्यांनी कडी धरली, मी हात धरला, काही नाही. परत धरला, घट्ट धरला, काही नाही. आजींचे हात म्हणजे कागदासारखे कोरडे. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "माझ्यात काही राहिलं नसेल गं." हसून म्हणाल्या, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

सोल्डरगन | लगेच

आजींना सांगा त्यांच्यात सगळं आहे, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. मी पिन नुसती चालू-बंद वाचत होतो. कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स लाखो ओहमच्या घरात जातो, वयाने, थंडीने, भांडी घासून हात कोरडे पडतात, माणूस माणूस वेगळा असतो. आता अॅनालॉग वाचू, म्हणजे मधल्या पातळ्याही मोजू, उंबरठा खाली आणू, आणि रोज सकाळी कड्या मोकळ्या असताना बोर्ड स्वतः शून्य धरेल. तुमच्याकडे पितळावर काळपट थर असेल तो चिंचेने घासा. उद्या नवीन कोड पाठवतो.

लाल टोक म्हणजे व्होल्टेज पडतंय. निळ्या एलईडीला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून आधी तो मंदावतो, लाल शेवटपर्यंत टिकतो. पट्टीला दोन्ही टोकांनी ५ व्होल्ट द्या, ठीक होईल.

रंगरेषा | रात्री १०:३०

कंदिलाच्या भोवती लावायला एक सुचवू का? कॅल्गरीला २०१२ मध्ये केटलिंड ब्राउन आणि वेन गॅरेट यांनी ६००० बल्बचा एक ढग केला होता, खाली दोऱ्या लोंबत, आत उभं राहून लोक दोऱ्या ओढून ढगात वीज चमकवायचे. त्यातले ५००० बल्ब उडालेले होते, लोकांनी आपापल्या घरून आणून दिलेले. प्रत्येक घरातून एक उडालेला बल्ब मागितला तर दार तरी उघडेल की नाही?

सोल्डरगन | रात्री १०:३४

फक्त जुने तारेचे बल्ब घ्या. सीएफएल नको, पारा असतो, मुलांच्या हातून फुटला तर भारी पडेल.

पडवी | धनत्रयोदशी

आजी आल्या होत्या. पेटला. सावकाश उगवला अगदी, आधी आतून तांबूस, मग केशरी, आजींनी हात सोडलाच नाही, मीच म्हटलं आजी बसा आता, पाय दुखतील.

उडालेले बल्ब मागायला मी ४१ घरांत गेले, २६ बल्ब मिळाले. नऊ घरांत चहा झाला. एका घरी दार उघडणाऱ्या माणसाने बल्ब नाही म्हणून सांगितलं आणि मग दारातच पंधरा मिनिटं त्याच्या आईच्या आजारपणाबद्दल बोलत राहिला.

एक गोष्ट मात्र लागली मनाला. कमिटीतल्या एकाने सुचवलं की स्टाफला सांगून ठेवा, कड्यांना हात लावू नका, पितळ खराब होतं. मी म्हटलं पितळ हात लागूनच चमकतं, आमच्या नौपाड्याच्या दाराच्या कड्या चाळीस वर्षांत कधी घासाव्या लागल्या नाहीत. आवाज चढला माझा, चढायला नको होता, पण मागे घेणार नाही. उद्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर पहिला दिवा वॉचमनदादा आणि सातव्या मजल्यावरच्या आजी लावणार. त्याचं नाव आता मला माहीत आहे.

बे_एके_बे | धनत्रयोदशी, रात्री

हे बरोबर केलंत. अजिबात मागे घेऊ नका.

पडवी | लक्ष्मीपूजन

पहाटे पेटला, सात-आठ माणसं होती, पण रात्री दहाला बंद पडला, आणि मी फटाक्यांच्या आवाजात तिथे स्टुलावर चढून रडकुंडीला. वायर सगळ्या जागेवर, कोड तोच.

सोल्डरगन | लक्ष्मीपूजन, रात्री १०:२०

कड्यांच्या बोर्डला पॉवरबँक लावलीय का? मी बॅटरी म्हटलं होतं. पॉवरबँकला वाटतं फोन चार्ज झाला, एवढा कमी करंट घेणारं काही लावलं की ती स्वतःहून बंद होते. तीन पेन्सिल सेल लावा होल्डरमध्ये. आता लक्ष्मीपूजनाचा फराळ करा, उद्या लावा.

पडवी | भाऊबीज

सेल लावले, तेव्हापासून व्यवस्थित चालू.

आज मुलांनी साखळी केली. दोघांपासून सुरू, मग तीन, पाच, एकेकाला ओढत आणलं, प्रत्येक माणूस वाढला की रेझिस्टन्स वाढतो, उजेड थोडा मंद होतो, कोणाची तरी पकड सैल झाली की थरथरतो, मग सगळे ओरडतात कोण आहे ते, घट्ट धरा. सतराव्या माणसाला विझला. सोळा जणांत दोन डिलिव्हरीवाली पोरं होती, बाइक चालू ठेवून आलेली, त्यातल्या एकाचा हात आजींच्या हातात होता. तो म्हणाला, दिवसभरात पन्नास घरांची बेल वाजवतो, पण हात धरला तो याच दिवाळीत.

पहाटेचं अजून एक. मला झोप लागत नाही म्हणून पावणेपाचला गॅलरीत येते, तिथून पॅसेजचं टोक दिसतं. बंद पडला होता ती पहाट सोडली तर रोज त्याच वेळेला कंदील उगवतो, अर्धा-पाऊण मिनिट, मग मावळतो. दूधवाला आणि वॉचमनदादा. मी खाली गेले नाही, बघत पण राहत नाही आता, पडदा ओढून घेते.

जास्वंद | भाऊबीजेचा दुसरा दिवस

मी जाऊन आले. नेरूळहून ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून रिक्षा. पडवीताईंनी विचारलं कोणाबरोबर लावणार, मी म्हटलं कोणीही. पॅसेजमध्ये बी विंगमधली एक मुलगी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती, कॉलेजची असेल, ती उठली. तिचा हात गार होता. कंदील उगवेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात ती म्हणाली, काकू मी इथे पेइंग गेस्ट आहे, घरी जाता आलं नाही या वेळी. मी डब्यात चकल्या नेल्या होत्या त्या तिला दिल्या.

कडीवरचा तो मधला खड्डा अंगठ्याला लागतो, किती वर्षांचे हात असतील त्यावर.

पन्नास_हर्ट्झ | संध्याकाळी

जास्वंद ताई, वाचून बरं वाटलं.

आम्ही समोरच्या जोडप्याकडे फराळाला गेलो यंदा. कंदील नाही, नुसतेच गेलो.

रंगरेषा | त्रिपुरी पौर्णिमा

आज उतरवणार होतात ना? कड्या जपून काढा. आणि उडालेले बल्ब परत देणार की ठेवणार?

पडवी | त्रिपुरी पौर्णिमा, रात्री ११:१०

आज त्रिपुरवाती लावून मग उतरवला. एक कडी निघाली, दुसरीचा स्क्रू अडकलाय, डोकंच झिजलं, राहू दे म्हटलं सध्या. बल्ब ठेवलेत, सगळ्यांवर मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेले आहेत, फेकवेनात.

कमिटीने पुढच्या महिन्याच्या मीटिंगला विषय ठेवलाय, कायमचा लावायचा का म्हणून. काही जण म्हणतात रोज असला तर कोणी बघणार नाही. मला पण नक्की कळत नाहीये, सांगा तुम्हाला काय वाटतं.

बे_एके_बे | रात्री ११:३०

वर्षातून पंधरा दिवसच ठेवा. आणि सर्किटची आकृती इथे टाका, आमच्या वाशीच्या बिल्डिंगमध्ये खाली जिन्याशी एक कोपरा आहे, वाटेच्या बाजूला. मला सोल्डरिंग येत नाही.

सोल्डरगन | रात्री ११:३३

रविवारी सकाळी तलावपाळीला या, दहाला. मी सोल्डरिंग आयर्न आणि दोन बोर्ड आणतो, पेन्सिल सेल तुम्ही आणा. ताई, निघालेली कडी घेऊन या, स्क्रूचं माप बघून दुसरी काढायची सोय करू.

पडवी | रात्री ११:३५

येते. रुमालात बांधून आणते.